55.42: पी. टी. उषाच्या एका वेळेमागची पार्श्वभूमी

खान्देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या शालेय मैदानी स्पर्धेत पोरगी जरा सुसाट सुटली की कडेला उभा असलेला कुणीतरी म्हणतोच, "पी. टी. उषा हाय भो!" नाव सगळ्यांना पाठ आहे. पण ते ज्या शर्यतीमुळे घराघरात पोचलं ती 100 मीटरची नव्हती आणि तिच्यात उषाला पदकही मिळालं नव्हतं. 8 ऑगस्ट 1984 रोजी लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 400 मीटर हर्डल्सची, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायची, अंतिम शर्यत झाली. रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू 55.41 सेकंदांत तिसरी आली, तर उषा 55.42 मध्ये चौथी. या एका शतांशावर हळहळ खूप झाली, पण तो कुठून आला हे फारसं कुणी विचारत नाही.

सुरुवात 1976 ची. केरळ सरकारने मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केले आणि कन्नूरच्या विभागात पय्योळीची उषा दाखल झाली. तिथे ओ. एम. नंबियार प्रशिक्षक होते, पूर्वी हवाई दलात नोकरी केलेले. मुलगी गावात, शाळा गावात आणि सराव सवडीप्रमाणे, असा तो प्रकार नव्हता. राहणं, खाणं, अभ्यास, मैदान सगळं एकाच जागी होतं. आपल्याकडे पोरं जून-जुलैत पळायला लागतात, जिल्ह्यापर्यंत जातात, नाशिक विभागाला हरतात आणि दिवाळीनंतर बूट माळ्यावर टाकतात. या दोन पद्धतींतला फरक अंगातल्या गुणाचा नाही, वर्षातल्या महिन्यांचा आहे.

1980 मध्ये मॉस्को ऑलिंपिकला गेली तेव्हा उषा सोळा वर्षांची होती आणि प्राथमिक फेरीतच बाद झाली. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत 100 आणि 200 मीटरमध्ये तिने रौप्य मिळवलं. 100 मध्ये फिलिपाइन्सची लिडिया डी वेगा पुढे होती. आशियात दुसरी येणारी मुलगी जगाच्या 100 मीटरमध्ये अंतिम फेरी गाठणार नाही, हे उघड होतं. महिलांची 400 मीटर हर्डल्स 1984 मध्ये पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये येणार होती. नंबियारांनी तिला तिकडे वळवलं. आमच्या मते उषाच्या कारकिर्दीतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता, आणि तो तिच्या पायांइतकाच प्रशिक्षकाच्या डोक्याचा होता.

ही शर्यत म्हणजे हिशेबाचं काम. महिलांच्या हर्डलची उंची 76.2 सेंटिमीटर. पहिला हर्डल 45 मीटरवर, पुढचे नऊ प्रत्येकी 35 मीटरने, आणि शेवटच्या, म्हणजे दहाव्या हर्डलनंतर 40 मीटर मोकळी धाव. उडी सुटते हर्डलच्या सुमारे दोन मीटर अलीकडे आणि पाय पडतो मीटरभर पलीकडे, म्हणजे दोन हर्डलमध्ये पळायला सुमारे 32 मीटर उरतात. तेवढ्यात 15 पावलं बसवायची तर प्रत्येक पाऊल 2.1 मीटरच्या पुढे जातं, 17 बसवली तर 1.9 च्या आसपास. पावलं विषम पडली की दर वेळी तोच पाय पुढे येतो, सम पडली की पाय बदलतो. दमल्यावर सहाव्या-सातव्या हर्डलपाशी पाऊल आखूड होतं. डावा-उजवा दोन्ही पाय तयार नसेल तर धावपटू हर्डलसमोर बारीक पावलं टाकत अडखळते, आणि तिथे शतांश नाही, दशांश जातात.

हे शिकायला 400 मीटरचा ट्रॅक लागतो. तसा खान्देशात बहुतेक शाळांना परवडत नाही. काळ्या मातीच्या मैदानावर फक्कीने 200 मीटरची लंबगोल आखायची, हीच रीत. त्या आखणीवर 400 हर्डल्स घेताच येत नाही. पहिल्या फेरीचे हर्डल 45, 80, 115, 150 आणि 185 मीटरवर येतात, दुसऱ्या फेरीचे 20, 55, 90, 125 आणि 160 वर. दोन्ही संच एकदम मांडले तर पोरीला पहिल्याच फेरीत नको ते हर्डल ओलांडावे लागतील. मग सरळ पट्टीवर तीन हर्डल लावून सराव होतो आणि वळणावरची उडी थेट विभागीय स्पर्धेत पहिल्यांदा मारली जाते.

त्यात हर्डल गावच्या वेल्डरकडून केलेले. नियमाचा हर्डल वरच्या दांडीच्या मध्याला साधारण साडेतीन ते चार किलोच्या ढकलीने पडायला हवा, आणि त्याचे पाय धावपटू येते त्या बाजूला असायला हवेत. पाय उलट बाजूला ठेवले किंवा लोखंडाची जड चौकट मारली तर तो पडत नाही, पोरगी पडते. एकदा गुडघा सोलला की ती दांडीवरून हातभर उंच उडायला लागते, आणि हवेत घालवलेला वेळ जमिनीवर भरून निघत नाही.

आता तो शतांश. उपांत्य फेरीत उषा पहिली आली होती. अंतिम शर्यतीत ऑस्ट्रेलियाच्या डेबी फ्लिन्टॉफचा फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे ती इशाऱ्याआधीच सुटली, आणि सगळ्यांना परत बोलावलं. दुसऱ्यांदा उषाची सुटका तितकी चपळ झाली नाही. मोरोक्कोची नवल अल मुतवक्किल 54.61 मध्ये जिंकली. तिसऱ्या जागेसाठी रेषेवर छाती पुढे टाकायची होती, आणि उषाचा झोक कमी पडला. निकाल धडावर ठरतो. डोकं, मान, हात, पाय धरत नाहीत. तिचा शर्यतभराचा सरासरी वेग सेकंदाला 7.2 मीटर होता, म्हणजे एका शतांशात सात सेंटिमीटर. रेषेवर झुकायचा सराव प्रत्येक धावेत करायचा असतो, कारण फार लवकर झुकलं की पाऊल तुटतं आणि वेग मरतो.

फोटो फिनिश, म्हणजे रेषेवरच्या कॅमेऱ्याने टिपलेली वेळ, नसता तर हा फरक कुणाला कळलाच नसता. हातघड्याळाची वेळ दशांशात लिहितात, तीही वरच्या दशांशात ओढून. मिल्खा सिंग यांची 1960 च्या रोममधली वेळ म्हणूनच दोन तऱ्हेने सापडते: हातघड्याळावर 45.6, विजेच्या घड्याळावर 45.73. आपल्याकडे 100 मीटरला आणखी एक घोळ होतो. टाइमकीपर रेषेवर उभा राहून बारचा आवाज ऐकतो. आवाजाला 100 मीटर यायला जवळपास 0.3 सेकंद लागतात. धूर बघून बटण दाबायचं असतं, पण शिट्टी किंवा टाळीवर शर्यत सोडली तर धूर कुठला? मग 12.1 ची पोरगी कागदावर 11.8 ची होते आणि राज्य स्पर्धेत रडते. पोलिस भरतीत 100 मीटरला 15 गुण आहेत. त्यासाठी पळणाऱ्या पोरांनी गावातल्या घड्याळाच्या वेळेत निदान 0.24 मिळवून बघावं. हातघड्याळाची वेळ विजेच्या वेळेशी जुळवायचा रूढ हिशेब तोच आहे.

लॉस एंजेलिसनंतर 1985 च्या जकार्ता आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उषाने पाच सुवर्ण आणि एक कांस्य मिळवलं. 1986 च्या सोल आशियाई स्पर्धेत चार सुवर्ण, आणि 100 मीटरमध्ये पुन्हा लिडिया डी वेगाच्या मागे रौप्य. 1988 च्या सोल ऑलिंपिकला टाचेच्या दुखण्यासह उतरली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली. मधे काही वर्षं थांबून ती परतली आणि 1998 मध्ये जपानमधल्या फुकुओकाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, वयाच्या 34 व्या वर्षी, 200 आणि 400 मीटरमध्ये कांस्य घेऊन आली.

55.42 हा राष्ट्रीय विक्रम मात्र 39 वर्षं एकटा उभा होता. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या विद्या रामराजने प्राथमिक फेरीत नेमकी तीच वेळ दिली, शतांशासकट. अंतिम फेरीत ती 55.68 मध्ये धावली आणि कांस्य घेऊन आली.