नाचणीची बेकरी उत्पादने : इंधन व ऊर्जा (गोवा)

नाचणीच्या पिठापासून भट्टीत भाजलेले पाव, बिस्किटे, टोस्ट, केक इ. पदार्थ तयार करताना लागणारी उष्णता व वीज. भाकरी, आंबील, तिजाण हे चुलीवरचे पदार्थ येथे अभिप्रेत नाहीत.

सत्तरी, सांगे, काणकोण येथील डोंगरउतारांवर नाचणी पूर्वी बहुधा कुमेरी (जंगल तोडून-जाळून करावयाची फिरती शेती) पद्धतीने पिकवीत. वनविषयक निर्बंधांनंतर हे क्षेत्र घटले. कोद्रा-वरीप्रमाणे नाचणी भरडून टरफल काढावे लागत नाही. दाणा सालीसकट दळतात. त्यामुळे यांत्रिक ऊर्जेचा वाटा लहान राहतो. खरा खर्च पाणी उडवण्याचा आहे. मोड आणलेल्या १ किग्रॅ. नाचणीतून दळण्यापूर्वी सुमारे अर्धा किग्रॅ. पाणी काढायचे, तर किमान १.२ मेगाजूल उष्णता लागते. उन्हाळ्यात हे काम अंगणातले ऊन फुकट करते. जून ते सप्टेंबर वाळवणयंत्रावाचून गत्यंतर नसते.

गोव्यात फोर्न (भट्टी) कोणी आणला, याविषयी एकवाक्यता नाही. सासष्टी (दक्षिण गोव्यातील तालुका) १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेल्यावर जेझुइटांनी (एका ख्रिस्ती धर्मसंघाच्या पाद्र्यांनी) तेथील माजोर्डा गावच्या लोकांना पाव करण्यास शिकवले, अशी परंपरा आहे. काळ साधारणतः सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध मानतात. सर्व श्रेय एकाच गावाला देण्यापेक्षा सासष्टीतील पदेरांच्या (पाव करणाऱ्यांच्या) वस्त्यांतून ही कला पसरली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पीठ फुगवण्यासाठी माडाची सुर (ताडी) वापरीत. तिच्यातील किण्व (यीस्ट) गोव्याच्या हवेतच काम करीत असल्याने या टप्प्याला इंधन लागत नसे. हा सर्व इतिहास मात्र गव्हाचा आहे. नाचणी फोर्नमध्ये उशिरा आली, आणि २०२३ या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षाच्या सुमारास तिची चर्चा वाढली.

नाचणीत ग्लुटेन (कणकेला चिवटपणा देऊन फुगवा धरून ठेवणारे प्रथिन) नसल्याने पावासाठी तिचे पीठ गव्हाच्या पिठात मिसळतात. कोंड्यामुळे कणिक पाणी जास्त पिते व भाजणी लांबते. १ किग्रॅ. कणीक तापवण्यास आणि तिच्यातील सुमारे १०० ग्रॅ. पाणी उडवण्यास मिळून ०.४ मेगाजूल उष्णता पुरते. हवेत वाळलेल्या लाकडाच्या हिशेबाने ३० ग्रॅ.हूनही कमी. प्रत्यक्षात याच्या कित्येक पट लाकूड जळते, कारण आधी भट्टीचा घुमट (घुमटाकार छत) तापवावा लागतो. निखारे ओढून, तळ ओल्या गोणपाटाने पुसून पहिला घाणा घालतात. रोज पेटणाऱ्या भट्टीत ही उष्णता पुढील घाण्यांना उपयोगी पडते, तर आठवड्यातून एकदाच पेटवलेली भट्टी फार महाग पडते. म्हणून नाचणीची बिस्किटे पाव काढल्यानंतरच्या उतरत्या आचेवर भाजणे किफायतशीर ठरते. त्यांना आच मंद लागते, परंतु जवळजवळ सर्व पाणी घालवावे लागते.

विद्युत भट्टीत धूर नसतो व तापमान नेमके राखता येते. गोव्याला वीज मुख्यतः राज्याबाहेरून मिळते. ती औष्णिक असल्यास १ किलोवॉट-तासासाठी (३.६ मेगाजूल) केंद्रात सुमारे १० मेगाजूल उष्णता खर्ची पडते. लाकूड, गॅस (सुमारे ४६ मेगाजूल प्रतिकिग्रॅ.) व वीज यांची तुलना करताना ही घट धरणे आवश्यक आहे.