कर्मचाऱ्यांसाठी अभ्यासक्रम निवडताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतील लहान कारखाने, शहरातील सनदी लेखापालांची कार्यालये आणि काही रुग्णालये यांच्या संगणकांची व नेटवर्कची देखभाल आमची संस्था करते. देखभालीच्या कराराबरोबरच अलीकडे ग्राहकांकडून आणखी एक विचारणा वरचेवर होते: कार्यालयातील कर्मचाऱ्याला कोणत्या कोर्सला घालावे, आणि नवीन माणूस नेमताना त्याने समोर ठेवलेल्या प्रमाणपत्रांपैकी कशाला किती वजन द्यावे? प्रत्येकाला फोनवर तुटक उत्तर देण्यापेक्षा सविस्तर लिहून द्यावे, म्हणून हे पत्रक काढले आहे.

आमचे मत आधीच सांगतो. अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नये. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने किती तास काम केले आणि परीक्षेत त्याच्याकडून नेमके काय करून घेतले, एवढे पाहावे. नावे तर बदलतही राहतात. 2024-25 पासून बीबीए आणि बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, कक्षेत आले व महाराष्ट्रात त्यांच्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू झाली. त्यानंतर काही महाविद्यालयांनी जवळपास तोच अभ्यासक्रम वेगळ्या नावाने चालू ठेवला. त्यामुळे उमेदवाराच्या पदवीचे नाव ओळखीचे नसेल, तर तेवढ्यावरून त्याला नापास ठरवू नये आणि नाव भारदस्त असेल म्हणून हुरळूनही जाऊ नये.

पत्रव्यवहार आणि व्यावसायिक संवाद

वाणिज्य शाखेत बिझनेस कम्युनिकेशन हा विषय बहुतेक विद्यार्थी शिकून येतात. चौकशीचे पत्र, तक्रारीचे पत्र, नोकरीचा अर्ज, सभेची सूचना आणि इतिवृत्त हे सारे त्यात असते. अडचण अशी की हा विषय बहुतांशी इंग्रजीतून आणि ठरावीक साच्यांतून शिकवला जातो, आणि साचा पाठ केला की गुण मिळतात. आपल्या कार्यालयातून मात्र वीजभार वाढवून मिळण्यासाठी महावितरणला, घरपट्टीच्या आकारणीबाबत महापालिकेला आणि रजेच्या हिशेबाबाबत कामगारांना जाणारी पत्रे मराठीत असतात, परप्रांतातील पुरवठादारांशी बोलणे हिंदीत होते, आणि इंग्रजी लागते ते मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला ईमेल करताना. पदवीधर उमेदवार तिसऱ्या कामात निभावून नेतो आणि पहिल्या कामात अडतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे.

मराठी मजकुरासाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा, म्हणजे जीसीसी-टीबीसी, आम्ही अजूनही उपयुक्त मानतो. मराठीसाठी ती मिनिटाला 30 आणि 40 शब्दांच्या वेगाची असते, आणि नुसता वेग न पाहता पत्र व तक्ता व्यवस्थित मांडून दाखवायला लावते. उमेदवाराला एक प्रश्न आवर्जून विचारावा: तो युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरप्रणालीत, टंकलेखन करतो की जुन्या फॉन्टमध्ये? श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेले पत्र आपल्या संगणकावर सुरेख दिसते आणि तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर निव्वळ अक्षरांची खिचडी होऊन उघडते. शासकीय कामकाजात आता युनिकोडच अपेक्षित असते.

निवड करताना प्रमाणपत्र बाजूला ठेवून पंधरा मिनिटांची एक चाचणी घ्यावी, असे आम्ही सुचवतो. उमेदवाराला सांगावे की पुरवठादाराकडून गोल सळ्यांचा माल यायला उशीर झाला आहे, तर त्याला पत्र लिहा. साचा शिकलेला उमेदवार लिहितो, ‘आपणाकडून माल अद्याप प्राप्त झालेला नाही, तरी तो त्वरित पाठवण्याची कृपा करावी.’ काम समजलेला उमेदवार आधी आपल्यालाच विचारतो की खरेदी आदेशाचा क्रमांक काय, मागवला किती, आला किती, आणि उरलेला माल कोणत्या तारखेपर्यंत न आल्यास यंत्र थांबेल. आणि मग तेवढ्याच चार गोष्टी चार वाक्यांत लिहितो. दुसऱ्याचे शुद्धलेखन थोडे कच्चे असले तरी चालेल, ते सुधारता येते.

संगणक साहाय्य

या कामासाठी उमेदवार सर्वाधिक वेळा जे प्रमाणपत्र पुढे करतात ते एमएस-सीआयटीचे असते. एमकेसीएलने, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने, 2001 मध्ये सुरू केलेला हा अभ्यासक्रम संगणक साक्षरतेचा आहे. तो कारकुनी कामाला आणि अनेक शासकीय पदांच्या अटीला पुरतो. बिघाड शोधणाऱ्या माणसाची पात्रता म्हणून तो तयारच केलेला नाही, तेव्हा त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवणे त्या अभ्यासक्रमावर अन्याय करणारे आहे.

आयटीआयमधील कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, हा व्यवसाय (ट्रेड) एक वर्षाचा असून दहावीनंतर करता येतो. त्याच्या 2022 पासूनच्या आराखड्यात वर्षाच्या 1200 तासांपैकी 840 तास प्रात्यक्षिकाचे आहेत. तीन वर्षे वर्गात बसून पदवी घेतलेल्या अनेकांच्या वाट्याला एवढा वेळ प्रत्यक्ष यंत्रासमोर येत नाही, आणि म्हणूनच लहान कार्यालयातील पहिल्या फळीच्या साहाय्यासाठी आम्ही कोपा झालेल्या उमेदवाराकडे आधी पाहतो. हार्डवेअर, प्रिंटर, केबल टाकणे आणि नेटवर्क हेच मुख्य काम असेल, तर आयटीआयचा आयसीटीएसएम, म्हणजे इन्फर्मेशन कम्युनिकेशन टेक्नॉलॉजी सिस्टिम मेंटेनन्स, हा दोन वर्षांचा व्यवसाय अधिक जवळचा आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक पदविकेचा पाया अधिक पक्का असतो, पण पदविकाधारकाचा ओढा पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाकडे असतो. तो आपल्याकडे किती काळ राहील याचा हिशेब करावा. सिस्को किंवा कॉम्पटिया या परदेशी संस्थांच्या संगणक व नेटवर्कविषयक प्रमाणपत्रांची फी दहा-बारा संगणकांच्या कार्यालयाला परवडण्यासारखी नाही आणि त्यांची तेथे गरजही पडत नाही.

या कामातही निम्मे कौशल्य संवादाचे असते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. एक नेहमीचे उदाहरण घ्या. सकाळी वीज जाऊन आल्यावर बिलिंगच्या काउंटरवरील संगणकावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडते, पण कंपनीचा डेटा दिसत नाही. ऑपरेटर फोन करून ‘टॅली उडाले’ एवढेच सांगतो. नवखा तंत्रज्ञ टॅली काढून पुन्हा घालायला लागतो. जाणता तंत्रज्ञ आधी विचारतो की इतर संगणकांवरही हेच होत आहे का, आणि राउटर बंद होऊन चालू झाला होता का. राउटरने मुख्य संगणकाला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळख क्रमांक) दिला आणि बाकीचे संगणक जुन्याच पत्त्यावर डेटा शोधत राहिले, तर असेच होते; मुख्य संगणकाला कायमचा पत्ता ठरवून दिला आणि डेटाचा मार्ग एकदा त्यानुसार दुरुस्त केला की प्रश्न मिटतो. त्यानंतर नोंदवहीत त्याने काय दिसले, काय तपासले, काय बदलले आणि नवा पत्ता कोणता, हे लिहून ठेवले पाहिजे. ही नोंद नसली की पुढच्या वेळी दुसरा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. आमच्या मते साहाय्य शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांत सर्वात दुर्लक्षित धडा नोंद लिहिण्याचा आहे, आणि मुलाखतीत तोच तपासावा.

कामावरचे प्रशिक्षण

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला 4 श्रेयांक (क्रेडिट) ठेवले आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30 तास या हिशेबाने ते 120 तास होतात, म्हणजे रोज सहा तास धरल्यास वीस दिवस. महाविद्यालयांचे प्राध्यापक यासाठी आपल्याकडे विचारणा करतील, तेव्हा नाही म्हणू नये. मात्र विद्यार्थ्याला झेरॉक्स काढायला बसवून शेवटी सही-शिक्क्याचे पत्र देऊ नये. वीस दिवसांत एकच काम पूर्ण करून घ्यावे, उदाहरणार्थ कार्यालयातील सर्व संगणक, प्रिंटर आणि त्यांच्या वॉरंटीची यादी तयार करणे. त्यात त्याचे शिक्षण होते आणि आपल्याला ती यादी मिळते.

अधिक काळासाठी माणूस घडवायचा असेल, तर 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाचा मार्ग आहे. तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. चार ते एकोणतीस कर्मचारी असल्यास ते ऐच्छिक आहे, आणि आमचे बहुतेक ग्राहक याच गटात येतात. शिकाऊ उमेदवाराशी केलेला करार केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवावा लागतो. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, महिन्याला 1500 रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार देते. शिकाऊ उमेदवार कायद्याने प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. परंतु याचा अर्थ त्याला रात्री नऊपर्यंत थांबवून घेता येते असा नाही. शासनाच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझर) मंजुरीशिवाय त्याला जादा तास काम देण्यास अधिनियमानेच मनाई केली आहे. विद्यावेतनाचे किमान दर करारापूर्वी पोर्टलवर पाहून घ्यावेत. राज्य शासनाची 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना निराळी असून तिचे विद्यावेतन शासन थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करते. दोन्ही योजनांची कागदपत्रे एकमेकांत मिसळू नयेत.

नोकरी सांभाळून पदवी

आपल्याकडे आधीपासून असलेला आणि बारावीवर थांबलेला कर्मचारी पुढे शिकू इच्छित असेल, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे अनेक अभ्यासक्रम मराठीतून आहेत आणि नोकरी करणाऱ्यांना झेपतील अशा रीतीने आखलेले आहेत. मान्यताप्राप्त दूरशिक्षणातून मिळालेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. कौशल्याधारित पदवी हवी असल्यास बी.व्होक.चा, म्हणजे बॅचलर ऑफ व्होकेशनचा, विचार करावा. आयोगाच्या 2014 च्या योजनेनुसार तिच्यातील 60 टक्के श्रेयांक कौशल्याचे असतात.

खासगी क्लास ‘डिग्री’ किंवा ‘पदवी समकक्ष’ असे शब्द जाहिरातीत वापरत असल्यास सावध राहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या अधिनियमानुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. गुणपत्रिकेची छायाप्रत पाहून समाधान मानण्यापेक्षा उमेदवाराला त्याचे डिजिलॉकर, म्हणजे अधिकृत प्रमाणपत्रे ठेवणारे सरकारी अ‍ॅप, आपल्यासमोर उघडायला सांगावे. दोन मिनिटांचे काम आहे आणि प्रामाणिक उमेदवार त्याला हरकत घेत नाही.

आमचा सहभाग

देखभाल करार असलेल्या ग्राहकांसाठी आम्ही वर वर्णन केलेली पत्रलेखनाची आणि बिघाड नोंदीची चाचणी विनामूल्य घेतो, आणि नव्या कर्मचाऱ्याला आपल्याच कार्यालयात, आपल्याच यंत्रांवर प्राथमिक साहाय्य शिकवतो. या शिकवणीचे आम्ही कोणतेही प्रमाणपत्र देत नाही, कारण तसा अधिकार आम्हाला नाही. कोणत्याही महाविद्यालयाकडून किंवा क्लासकडून प्रवेशामागे दलालीही घेत नाही. चाचणी हवी असल्यास मासिक देखभालीच्या भेटीच्या आधी कळवावे, तसेच त्या पदावर रोज करावयाच्या कामांची यादी आणि आपल्याकडे अलीकडे झालेल्या पत्रव्यवहाराचे दोन-तीन नमुने तयार ठेवावेत. प्रश्न त्यांवरूनच काढले जातात.