खाजण भाताची क्षारसहनशीलता

गोव्यात मांडवी, झुवारी व त्यांच्या उपनद्यांकाठी भरतीचे पाणी बांध घालून अडवलेल्या शेतांत (खाजणांत) पिकणाऱ्या कोरगुट व तत्सम भातांची खाऱ्या मातीत तगून राहण्याची क्षमता. खाजण पद्धतीचा काळ निश्चित नाही. ती तीन-चार हजार वर्षे जुनी असावी, असे एक मत आहे. तथापि बांदोडे येथील अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात खाजण जमिनीचा उल्लेख असून तो साधारणतः इ.स. 6व्या शतकातील मानला जातो. हा लेखी आधार अधिक भरवशाचा वाटतो.

मातीत मीठ वाढले की मुळांना पाणी ओढणे कठीण जाते आणि सोडियम आयन पेशींत शिरतात. सोडियम साचला की जुन्या पानांची टोके आधी करपतात. पेशीला क्षाराची चाहूल कशी लागते, हा वादाचा मुद्दा आहे. तर्षणदाबातील (पाणी ओढून घेणाऱ्या दाबातील) बदलच तिला जाणवतो, असे पूर्वी धरले जाई. 2019 मध्ये ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीत पेशीपटलावरील विशिष्ट स्फिंगोलिपिडांना (एक प्रकारच्या मेदरेणूंना) सोडियम चिकटतो व त्यामुळे कॅल्शियमचे मार्ग खुले होतात, असे दिसून आले. भातातही नेमके असेच घडते असे गृहीत धरू नये. मात्र पुढच्या टप्प्यांबाबत फारसे दुमत नाही. काही सेकंदांतच पेशीद्रवात कॅल्शियम वाढतो. एसओएस-3 हे प्रथिन तो धरते व एसओएस-2 या कायनेजला, म्हणजे फॉस्फेट जोडणाऱ्या विकराला, जागे करते. हे कायनेज पेशीपटलातील एसओएस-1 या वाहकाला फॉस्फेट जोडते. मग हा वाहक एक प्रोटॉन आत घेऊन एक सोडियम बाहेर टाकतो. त्यासाठी लागणारी प्रोटॉनांची चढण (पटलाबाहेर जास्त, आत कमी अशी स्थिती) ऊर्जा खर्चून राखावी लागते. क्षारात पीक खुरटते त्याचे हे एक कारण. उरलेला सोडियम रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील द्रवाच्या पिशवीत, कोंडला जातो.

पाने वाचतात ती प्रामुख्याने दुसऱ्या एका वाहकामुळे. प्रकाष्ठातून (मुळांतून पाणी वर नेणाऱ्या ऊतीतून) वर जाणारा सोडियम तो वाटेतच काढून घेतो. त्याचे जनुक 2005 मध्ये नोना बोक्रा या भाताच्या वाणात ओळखले गेले. केरळच्या पोक्कळी भातातील क्षारसहनशीलतेशी निगडित सॉल्टॉल हा गुणसूत्राचा पट्टाही, या जनुकाप्रमाणेच, पहिल्या गुणसूत्रावर आहे. हे निष्कर्ष कोरगुटला जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल.

कोरगुट उंच वाढतो, दाणा लालसर असतो. पावसाने माती धुतली गेल्यावर त्याचे पीक घेतात. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यातूनच निवड करून गोवा धान 1 व 2 ही वाणे काढली. मानशीची (बांधातील पाणी सोडण्या-अडवण्याच्या मोरीची) दारे मोडून भरतीचे पाणी शेतात साचून राहिले, तर मात्र ही वाहक प्रथिने अपुरी पडतात.