दक्षिण आफ्रिकेचा जमीनप्रश्न: १९ जून १९१३ पासून

२३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष सिरिल रामफोसा यांनी भूसंपादनाच्या नव्या कायद्यावर सही केली. दोन आठवडे उलटतात न उलटतात तोच, ७ फेब्रुवारीला, डोनाल्ड ट्रम्प यांनी दक्षिण आफ्रिकेला मिळणारी अमेरिकी मदत थांबवण्याचा आदेश काढला. मुख्यतः डच वंशाच्या आफ्रिकानर गोऱ्यांना निर्वासित म्हणून आसरा देण्याची तरतूदही त्यात होती. मे महिन्यात त्यांची पहिली तुकडी वॉशिंग्टनजवळच्या विमानतळावर उतरलीसुद्धा. त्यानंतर जगभर चर्चा झाली ती 'गोऱ्यांच्या जमिनी फुकट काढून घेणाऱ्या कायद्या'ची.

कायद्याचा मजकूर त्या मानानं बराच रुक्ष आहे. रस्ते, धरणं, विजेच्या लाइनी यांसाठी किंवा सार्वजनिक हितासाठी सरकार जमीन घेतं, तेव्हा नोटीस कशी द्यायची आणि मोबदला कसा ठरवायचा, हे तो सांगतो. त्याआधी लागू होता तो १९७५ चा, वर्णभेदी राजवटीतला कायदा. शून्य मोबदल्याचं कलम नव्या कायद्यात आहे, पण ते सरसकट नाही. मालक जमीन वापरत नाही, नुसता भाव चढण्याची वाट बघतोय. जमीन बेवारस टाकून दिली आहे. किंवा सरकारनं आजवर तिच्यात घातलेला पैसाच बाजारभावाइतका आहे, अशी उदाहरणं कायद्यानं दिली आहेत. तिथंही शून्य मोबदला 'न्याय्य' ठरला पाहिजे, आणि वाद कोर्टात नेता येतो. तरी धास्ती अगदीच हवेतली म्हणता येणार नाही. शेजारच्या झिम्बाब्वेत २००० नंतर गोऱ्यांची शेतं कशी बळजबरीनं घेतली गेली ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि आघाडी सरकारात बसलेला डेमोक्रॅटिक अलायन्स हा पक्षच या कायद्याविरुद्ध कोर्टात गेला. 'गोऱ्यांचा वंशसंहार' चालला आहे, ही ट्रम्प यांची ओरड मात्र निव्वळ थाप आहे. या देशात वर्षाला पंचवीस हजारांहून जास्त खून होतात. शेतांवर होणारे खून त्यात शंभराच्याही आत आहेत आणि मरणाऱ्यांत काळे शेतमजूरही आहेत.

या भांडणाचं मूळ १९१३ मध्ये आहे. जमिनी त्याआधीच गेल्या होत्या, लढायांत आणि करारांत. १८६७ नंतर किम्बर्लीला हिरे आणि १८८६ मध्ये विटवॉटर्सरँडला सोनं सापडलं, तेव्हा खाणींना स्वस्त मजूर हवे झाले. ज्याच्याकडे जमीन आणि गुरं आहेत तो माणूस खाली खाणीत कशाला उतरेल? १८९४ मध्ये केप वसाहतीचा पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स यानं ग्लेन ग्रे कायदा आणला. एका कुटुंबाला एकच छोटा तुकडा, आणि मजुरीला बाहेर न जाणाऱ्यावर कर, असा त्याचा आराखडा होता. पुढच्या कायद्याची ती रंगीत तालीमच.

१९ जून १९१३ रोजी 'नेटिव्ह्ज लँड ॲक्ट' लागू झाला. राखून ठेवलेल्या पट्ट्यांबाहेर काळ्या माणसाला जमीन विकत घेता येईना की भाड्यानं घेता येईना. हे पट्टे म्हणजे देशाच्या साधारण ७ टक्के जमीन. १९३६ च्या कायद्यानं ती मर्यादा १३ टक्क्यांच्या आसपास नेली. सर्वांत जबर घाव ऑरेंज फ्री स्टेट या प्रांतात बसला. तिथं शेकडो काळी कुटुंबं गोऱ्यांच्या जमिनी अर्ध्या वाट्यानं कसत होती: जमीन गोऱ्याची, बैल, नांगर, बियाणं आणि घाम काळ्या कुटुंबाचा, पीक निम्मं निम्मं. यातली काही कुटुंबं चांगली सुखवस्तू होती. नव्या कायद्यानं वाट्याची शेतीच बेकायदा ठरवली. मालक म्हणाला, आता नोकर म्हणून राहा, बैलही माझ्या कामाला जुंपा, नाहीतर चालते व्हा.

जून-जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. किम्बर्लीचे पत्रकार सॉल प्लाटजे तेव्हा सायकलवरून गावोगाव फिरले. आदल्या वर्षी ब्लूमफॉन्टेनला स्थापन झालेल्या संघटनेचे, म्हणजे आजच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या पूर्वावताराचे, ते पहिले सरचिटणीस. उपाशी गुरं हाकत रस्त्यावर आलेली बिऱ्हाडं त्यांना भेटली. वाटेत दगावलेलं मूल पुरायला हक्काची वीतभर जागा नसलेलं कुटुंबही भेटलं. हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. १९१४ मध्ये संघटनेच्या शिष्टमंडळातून ते लंडनला गेले. ब्रिटिश साम्राज्य सरकारनं हात वर केले.

आपल्याकडे दक्षिण आफ्रिकेतलं १९१३ आठवतं ते गांधींच्या सत्याग्रहासाठी. १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोपाळ कृष्ण गोखले तिकडे गेले, पंतप्रधान बोथा आणि त्यांचे मंत्री स्मट्स यांना भेटले आणि करार संपलेल्या गिरमिटिया मजुरांवरचा तीन पौंडांचा कर जाणार अशी समजूत घेऊन परतले. तो कर तेव्हा गेला नाही, म्हणून पुढच्या वर्षी न्यूकॅसलचे खाणमजूर संपावर गेले. त्याच बोथांच्या सरकारनं त्या दोन घटनांच्या मधल्या काळात हा जमीन कायदा आणला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याला जागा मिळालेली नाही.

हिंदी लोकांची पाळी पुढे आलीच. १९४६ च्या कायद्यानं त्यांच्या जमीनखरेदीवर बंधनं आणली आणि भारतानं हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. मग १९५० चा 'ग्रुप एरियाज ॲक्ट'. शहरातली वस्ती वंशानुसार वाटली गेली. जोहान्सबर्गचं सोफियाटाउन १९५५ पासून रिकामं केलं आणि त्या जागी गोऱ्यांची 'ट्रिओम्फ' ही वस्ती वसवली. नावाचा अर्थच विजय. केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि साठ हजारांच्या घरात माणसं वाळूच्या माळावर, केप फ्लॅट्सवर, फेकली गेली. केपटाउनात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमान स्थायिक होते. क्लेरमाँटसारख्या भागातली त्यांची घरंदुकानंही याच कायद्यानं उठवली. खेड्यापाड्यांत दहा 'बांटुस्तानं', म्हणजे काळ्यांसाठी वेगळे काढलेले प्रदेश, उभी राहिली. ट्रान्सकाय, बोफुथात्स्वाना, वेंडा, सिस्काय यांना तर 'स्वतंत्र देश' म्हणवलं, ज्यांना प्रिटोरियाच्या गोऱ्या सरकारखेरीज जगात कोणी मान्यता दिली नाही. १९६० ते १९८३ या काळात पस्तीस लाख लोक हलवले गेले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

१९९४ मध्ये मंडेलांचं सरकार आलं आणि त्याच वर्षी जमीन परत देण्याचा कायदा झाला. १९ जून १९१३ नंतर ज्यांची जमीन वंशभेदी कायद्यांनी गेली, त्यांनी १९९८ अखेर दावा करायचा. सुमारे ऐंशी हजार दावे आले. त्याआधीच्या लढायांत ज्यांचं गेलं, त्यात तिथले मूळ रहिवासी खोई आणि सान आलेच, ते तारखेच्या पलीकडे राहिले. गोऱ्यांच्या हातातली ३० टक्के शेतजमीन पाच वर्षांत काळ्यांकडे आणायचं दुसरं उद्दिष्टही होतं. ती मुदत पुढे २०१४ पर्यंत ढकलली, तीही हुकली.

का हुकली, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'राज्यघटनेनं हात बांधले'. मला ते पटत नाही. १९९६ च्या घटनेचं २५ वं कलम बाजारभाव द्याच असं म्हणत नाही. मोबदला न्याय्य आणि समतोल हवा, आणि तो ठरवताना जमिनीचा सध्याचा वापर, ती कशी मिळवली होती, सरकारनं तिच्यात काय घातलं, हे बाजारभावाच्या जोडीनं बघा, असं ते सांगतं. 'विकणारा राजी, घेणारा राजी' हे सूत्र घटनेचं नव्हतं, सरकारच्या धोरणाचं होतं. पैसाही तुटपुंजा. माजी राष्ट्राध्यक्ष खलेमा मोटलांथे यांच्या समितीनं २०१७ मध्ये दाखवून दिलं की जमीन सुधारणेवर अर्थसंकल्पाच्या एक टक्काही खर्च होत नव्हता.

त्याहून चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. सरकारनं विकत घेतलेली बरीच जमीन काळ्या शेतकऱ्यांच्या नावावर चढलीच नाही. ती सरकारच्याच मालकीची राहिली आणि शेतकरी भाडेकरू. कूळ कायदा आणून सातबारावर कुळाऐवजी तहसीलदाराचं नाव लावावं, तसा हा प्रकार. नावावर जमीन नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, आणि कोणाला भाडेपट्टा मिळणार हे अधिकारी व पुढारी ठरवणार. लिम्पोपोतल्या एका वृद्ध शेतकऱ्याला कसत असलेली जमीन विकायचं सरकारनं कबूल केलं, मग शब्द फिरवला; २०१९ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयानं ती त्याला विकायचा हुकूम दिला. क्वाझुलू-नातालमध्ये इंगोन्यामा ट्रस्टकडे अठ्ठावीस लाख हेक्टर आहे आणि झुलू राजा तिचा एकमेव विश्वस्त. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांकडून भाडेपट्टे लिहून घेणं बेकायदा होतं, असा निकाल २०२१ मध्ये लागला.

२०१७ च्या सरकारी पाहणीत, व्यक्तींच्या नावे असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे निघाली, काळ्यांकडे ४. कंपन्या आणि ट्रस्टांची जमीन यात धरलेली नाही, पण राजकारणाला हा आकडा पुरला. २०१८ च्या फेब्रुवारीत संसदेनं विनामोबदला संपादनाच्या दिशेनं घटनादुरुस्तीचा ठराव घेतला. डिसेंबर २०२१ मध्ये मतदान झालं तेव्हा दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. ज्युलियस मलेमांच्या इकॉनॉमिक फ्रीडम फायटर्स या डाव्या पक्षाला दुरुस्ती मवाळ वाटली, डेमोक्रॅटिक अलायन्सला ती जहाल वाटली, आणि दोघांनी मिळून ती पाडली. साध्या बहुमतानं होण्यासारखा राहिला तो २५ व्या कलमाच्या चौकटीतला भूसंपादन कायदाच, २०२५ मध्ये ज्यावर सही झाली.

दाव्यांची रांग अजून सरलेली नाही. २०१४ मध्ये संसदेनं अर्जांची खिडकी पुन्हा उघडली आणि दीड लाखाहून जास्त नवे दावे आले. १९९८ पर्यंतचे लोक अजून खोळंबलेत, म्हणून २०१६ मध्ये घटना न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली आणि आधी जुने दावे संपवा असं बजावलं. नव्या अर्जांचे गठ्ठे तेव्हापासून बाजूला ठेवलेले आहेत.