भुईकोट व त्यातील बाग, सोलापूर

सोलापूर शहराच्या मध्यभागी, सिद्धेश्वर तलावाला लागून असलेला जुना भुईकोट किल्ला आणि त्याच्या आवारातील बाग. शहरात त्याला नुसते ‘किल्ला’ म्हणतात. पाऊस ओसरला की दसरा-दिवाळीच्या सुटीत डबे घेऊन येथे सहकुटुंब येण्याचा प्रघात आहे. किल्ला केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे.

किल्ला कोणी बांधला याविषयी एकमत नाही. सामान्यतः तो बहमनी काळातला, चौदाव्या शतकातला मानतात. स्थानिक परंपरा त्याला याहून जुना ठरवते आणि पुरावा म्हणून आतल्या मशिदीचे कोरीव खांब व तटातले देवळाचे चिरे दाखवते. पण देवळाचे दगड तटात सापडले, तर तट देवळानंतरचा एवढेच सिद्ध होते. किल्ला जुना ठरत नाही. बहमनी मतच अधिक ग्राह्य वाटते. बुरुजांवरील फारसी शिलालेख पुढच्या काळातील, बहुधा सोळाव्या शतकातील, बांधकामाची व डागडुजीची साक्ष देतात. आवारात कपिलसिद्ध मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष आहेत. त्याचा संबंध बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी जोडला जातो. परंपरेनुसार तलावही त्यांनीच खोदवला. तसे असेल, तर पाणी आधीचे आणि किल्ला त्याच्या आधाराने नंतर उभा राहिला. एका बाजूला तलाव व उरलेल्या बाजूंनी खंदक, अशी दुहेरी तटाची ही रचना पाहता ते पटतेही.

गावाच्या नावाचा वादही येथवर येतो. ‘सोळा पुरे’ ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी शिलालेखांचा तिला आधार नाही. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके 1238 च्या लेखात ‘सोनलीपूर’, तर किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’ आहे; किल्ल्यातील विहिरीवरच्या लेखात ‘संदलपूर’ असे रूप आढळते. सिद्धरामेश्वरांच्या काळी गावाचे नाव ‘सोन्नलगे’ होते; त्यापासून ही मालिका नीट जुळते.

निजामशाही व आदिलशाही यांच्यात हा किल्ला हुंड्याचा विषय झाला. सुमारे 1524 मध्ये आदिलशाही राजकन्येच्या निजामशहाशी झालेल्या विवाहात कबूल केलेला किल्ला त्याला तेव्हा दिला गेला नाही, आणि त्यावरून पुढे चार दशके लढाया झाल्या. अखेर निजामशाही राजकन्या चांदबिबीच्या आदिलशहाशी झालेल्या विवाहात तो आदिलशाहीकडे गेला. 1668 मध्ये तो मोगलांना मिळाला, पुढे मराठ्यांकडे आला. मे 1818 मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला.

सहलीला ठरलेला असा विधी नाही. आश्विन-कार्तिकात तलाव भरलेला असतो, खंदकाच्या कडेला गवत कमरेइतके वाढते, दुपारचे ऊनही सोसवते. झाडाखाली सतरंजी पडते. कडक भाकरी मोडल्याचा कटकन आवाज होतो. कुटताना तेल सुटलेली शेंगाचटणी व दही तिच्यावर पडते. जेवणानंतर मुले तटाकडे धावतात. साध्या चिऱ्यांच्या रांगेत मध्येच एखादी नक्षीची पट्टी लागते, ती बोटांनी चाचपता येते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना ती जरूर दाखवावी. मात्र तिच्यावर नावे कोरू देऊ नयेत, कारण कालनिर्णयाचा बराचसा आधार याच दगडांवर आहे. ऊन उतरल्यावर मंडळी सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन घरी परततात.