चावा लागलेल्या अ‍ॅक्सोलॉटलची शुश्रूषा

मार्चच्या अखेरीस एका रात्री कोथरूडहून माझ्या भाचीचा फोन आला. तिच्या टाकीतल्या मोठ्या अ‍ॅक्सोलॉटलने धाकट्याचा पुढचा पाय कोपराखालून तोडला होता आणि तुटलेला तुकडा टाकीत कुठेही सापडत नव्हता. तिच्या आईने हळदीचा डबा काढून ठेवला होता. भाचीने मात्र कुठेतरी वाचले होते, की या प्राण्याचा पाय पुन्हा उगवतो, त्यामुळे काहीच न करता त्याला आहे तसे टाकीत राहू द्यावे, असे तिचे म्हणणे होते. दोघींचाही हेतू चांगला होता, पण दोन्ही मार्गांनी तो जीव दगावण्याची शक्यता होती. अ‍ॅक्सोलॉटलचा पाय खरोखरच उगवतो; मात्र तो उगवेपर्यंतचे आठवडे जिवंत राहण्यासाठी त्याला थंड आणि स्वच्छ पाणी लागते, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात नेमकी तीच गोष्ट सर्वांत अवघड असते.

अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलमँडर गटातला उभयचर प्राणी. बेडकाचे पिल्लू कल्ले गमावून जमिनीवर येते, तसे याचे सहसा होत नाही. डोक्यामागे पिसांसारख्या दिसणाऱ्या कल्ल्यांच्या तीन जोड्या घेऊन तो आयुष्यभर पाण्यातच राहतो आणि त्याच रूपात प्रजननही करतो. त्याचे मूळ घर मेक्सिको सिटीजवळची, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरची शोचिमिल्को आणि चाल्को ही तळी. तिथे आज तो जवळजवळ संपला आहे. शोचिमिल्कोच्या कालव्यांत १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० अ‍ॅक्सोलॉटल आढळले होते. २०१४च्या पाहणीत ही संख्या ३५च्या आसपास आली. घरांत आणि प्रयोगशाळांत दिसणारे प्राणी बंदिस्त अवस्थेत वाढवलेले असतात. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश असल्यामुळे भारतात तो पाळणाऱ्याला आता त्याची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, हेही विकत घेण्याआधी ठाऊक असायला हवे.

मोठ्याने धाकट्याला चावण्यामागे राग किंवा वैर नसते. अ‍ॅक्सोलॉटलची नजर अधू असते. वास आणि पाण्यातली हालचाल यांवरून तो भक्ष्य ओळखतो, जवळ काही हलले की क्षणार्धात तोंड उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढतो. गांडूळ टाकल्यानंतर पाण्यात वास पसरलेला असताना शेजाऱ्याचा पाय हलला, तर गांडूळ आणि पाय यांत त्याला फरक करता येत नाही. लहान पिल्लांमध्ये एकमेकांचे पाय आणि कल्ले कुरतडण्याचे प्रमाण फार असते, आणि आकारात बराच फरक असलेले दोन प्राणी एकत्र ठेवले तर कोणत्याही वयात अपघात होतो. सोबतीला मासे ठेवणेही धोक्याचेच, कारण कल्ल्यांचे हलणारे तंतू त्यांना किड्यांसारखे वाटतात.

आता जखमेत काय घडते ते पाहू. आपल्याकडे पुनर्जननाचे घरोघरी दिसणारे उदाहरण म्हणजे पाल. पण पालीची नवी शेपटी मूळ शेपटीसारखी नसते. तिच्यात मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते. अ‍ॅक्सोलॉटलच्या नव्या शेपटीत मात्र मणके आणि मज्जारज्जू दोन्ही तयार होतात, आणि नव्या पायात हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या, चेता (मज्जातंतू) असे सगळे पुन्हा घडते. पाय तुटल्यावर रक्तस्राव लवकर थांबतो आणि कडेच्या त्वचेतल्या पेशी सरकत येऊन साधारण दिवसभरात जखम झाकतात. आपल्या शरीरात यानंतर व्रण तयार होऊ लागतो. इथे तसे होत नाही. मॅक्रोफेज नावाच्या, रोगजंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या रक्षक पेशी जखमेत गोळा होतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या पेशी आधीच नष्ट केल्या, तेव्हा पाय उगवलाच नाही, उलट व्रण तयार झाला. त्यानंतर टोकाजवळच्या पेशी, विशेषतः अवयवांना जोडून आणि आधार देऊन ठेवणाऱ्या संयोजी ऊतीतल्या, आपले प्रौढ रूप सोडून पुन्हा भ्रूणातल्यासारख्या होतात आणि त्वचेखाली त्यांचा एक उंचवटा तयार होतो. त्याला ब्लास्टेमा म्हणतात. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट ही वाटते, की आपण शरीरात नेमक्या कुठे आहोत याची आठवण या पेशींना असते. पाय मनगटापाशी तुटला असेल तर फक्त पंजा उगवतो, कोपराखाली तुटला असेल तर तिथपासून पुढचा भाग उगवतो; दोन कोपर किंवा दोन मनगटे सहसा होत नाहीत. या सगळ्याला जखमेपर्यंत पोचणाऱ्या चेतांची साथ लागते. चेता तोडल्या तर ब्लास्टेमा वाढत नाही.

प्रयोगशाळेतला छेद मात्र सरळ आणि स्वच्छ असतो, तर टाकीतला चावा वेडावाकडा असतो, ऊती चिरडलेल्या आणि लोंबकळत्या असतात. म्हणूनच चाव्यानंतर उगवलेल्या पायाला कधी एखादे बोट कमी तर कधी जास्त असते. आणि या काळात उघड्या जखमेभोवती जे पाणी असते, त्यातल्या जिवाणूंना आणि बुरशीला ती जखम म्हणजे आत शिरण्याची मोकळी वाट असते.

पाण्याचे गणित पुणेकरांनी बारकाईने समजून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते. अ‍ॅक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २४ अंशांच्या वर गेले की त्याच्यावर ताण येतो. एप्रिलमध्ये पुण्यातल्या वरच्या मजल्यावरच्या सदनिकेत टाकीचे पाणी सहज २८ ते ३० अंशांवर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, जिवाणू वेगाने वाढतात, आणि विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून आलेल्या अमोनियाचा अधिक मोठा हिस्सा विषारी रूपात राहतो. हा अमोनिया नाजूक कल्ले आणि त्वचा जाळतो. टाकीत आणि जखमी प्राण्याच्या टबात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत, आणि ते तपासण्याचा संच अशा घरात असलाच पाहिजे.

म्हणून त्या रात्री भाचीला मी सांगितले, की हळद बाजूला ठेव आणि आधी धाकट्याला वेगळे कर. त्याला जाळीने उचलू नये, जखम आणि बोटे जाळीत अडकतात. पाण्यातच डबा बुडवून त्याला त्यात येऊ द्यावे. नवा, कधीही साबण न लागलेला प्लास्टिकचा टब घ्यावा, त्यात खडे किंवा वाळू घालू नये आणि वर सावली करावी, कारण या प्राण्याला पापण्या नसतात आणि उजेड त्याला सहन होत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या अँटिक्लोरीनने काढावे. टबात गाळणी नसते आणि अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणूही नसतात, म्हणून रोज सगळे पाणी बदलावे लागते, आणि नवे पाणी त्याच तापमानाचे असावे लागते. गुरुवारी पाणी बंद राहणार असेल, तर आदल्या दिवशीच बादल्या भरून ठेवाव्यात.

टब थंड ठेवण्यासाठी तो थर्माकोलच्या खोक्यात ठेवून कडेच्या जागेत बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या उभ्या कराव्यात. बर्फ थेट टबात टाकला तर तापमान एकदम उतरते आणि पुन्हा चढते, आणि ही चढउतार प्राण्याला फार त्रास देते. मोठ्या टाकीवर पृष्ठभागाला वारा लागेल असा छोटा पंखा लावला, तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. पुण्याच्या कोरड्या चैत्र-वैशाखात हा उपाय चांगला चालतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा गुण कमी होतो. ज्यांना दीर्घकाळ हा प्राणी पाळायचा आहे, त्यांनी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घेण्याचा खर्च आधीच धरावा. काही पाळणारे जखमी प्राणी सरळ फ्रिजमध्ये ठेवतात. त्याने जिवाणू मंदावतात हे खरे, पण पचन आणि जखम भरणेही मंदावते, त्यामुळे पशुवैद्याने सांगितल्याशिवाय ताज्या जखमेसाठी हा मार्ग धरू नये.

उभयचरांची त्वचा सच्छिद्र असते, तिला लावलेले औषध थेट शरीरात जाते. म्हणून हळद, डेटॉल, माणसांचे मलम यांतले काहीही लावू नये. आयोडीनच्या द्रावणाबाबत तर आणखी एक कारण आहे: आयोडीन अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या संप्रेरकाचा घटक आहे, आणि याच संप्रेरकाने अ‍ॅक्सोलॉटलचे जमिनीवरच्या सॅलमँडरमध्ये रूपांतर सुरू होऊ शकते. माशांसाठी मिळणारी तांबेयुक्त औषधे किंवा मॅलाकाइट ग्रीनही टाळावे. आपल्या रस्त्यांकडेला असलेल्या देशी बदामाचे पिकून वाळलेले पान, फवारणी न झालेल्या झाडाचे आणि स्वच्छ धुतलेले, टबात ठेवता येते. त्यातली टॅनिन पाण्याला चहासारखा रंग देतात आणि बुरशीला सौम्यपणे आळा घालतात. लोंबकळणारे कातडे ओढून काढू नये.

जखमेवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर ती बुरशी असते. अशा वेळी आयोडीन न मिसळलेल्या मिठाच्या पाण्यात, एका लिटरला दोन-तीन चहाचे छोटे चमचे या प्रमाणात, १० मिनिटांची अंघोळ घालण्याची पद्धत आहे, पण मीठ त्वचेला झोंबते, तेव्हा तीही पशुवैद्याला विचारूनच करावी. लाली शरीराकडे पसरणे, अंग सुजणे, रक्तस्राव न थांबणे, चार-पाच दिवस अन्न न घेणे यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे असतात; उभयचर तपासणारे डॉक्टर कोण, हे प्राणी घरी आणतानाच शोधून ठेवावे.

धाकट्याने तिसऱ्या दिवशी गांडुळाचा तुकडा घेतला. नवा पाय घडवायला प्रथिने लागतात, आणि त्यासाठी गांडुळासारखे अन्न नाही. फक्त ते कीटकनाशके न मारलेल्या मातीतले असावे. दुसऱ्या आठवड्यात टोकाशी फिकट शंकू दिसला, मग तो चपटा झाला, मग त्यावर खाचा पडल्या. तो वयाने लहान होता म्हणून हे लवकर झाले. मोठ्या प्राण्याला काही महिने लागतात. दोन महिन्यांनी त्याच्या नव्या पंजावर चार बोटे मोजता आली, पुढच्या पायाला असतात तेवढीच, फक्त रंगाने थोडी फिकट.

भाचीला आता दोघांना पुन्हा एकत्र ठेवावेसे वाटत होते. मी तिला २०१७ सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितले. त्यात त्याच जागी पुन्हा पुन्हा पाय कापल्यावर अ‍ॅक्सोलॉटलची तो उगवण्याची क्षमता घटत गेल्याचे दिसले होते. धाकट्याची टाकी तिने बैठकीच्या खोलीतल्या उत्तरेकडच्या भिंतीशी मांडली आहे, जिथे ऊन येत नाही.