आटोपशीर संसार: छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमची पार्श्वभूमी

अमळनेरात जुन्या सीपीयूचं झाकण काढलं की आधी हाताला लागते ती रुई. पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि कापसाची लव मिळून गोधडीच झालेली असते. ती झाडून काढली तरी गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, भलता हँग होस." दोष रुईचा नसतोच. १ जीबी रॅमच्या (कामापुरत्या मेमरीच्या) मशीनवर चार जीबी मागणारी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम, पाहुणा म्हणून बसवलेली असते.

हे दुखणं जुनं आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आणि बेल लॅब्ज या संशोधन संस्थेने मिळून मल्टिक्स नावाची भलीमोठी सिस्टिम करायला घेतली. काम लांबतच गेलं आणि १९६९ मध्ये बेल लॅब्ज बाहेर पडली. तिथले प्रोग्रामर केन थॉम्प्सन यांना पीडीपी-७ नावाचं एक छोटं कॉम्प्युटर सापडलं. त्याची मेमरी १८ बिटांचे ८ हजार शब्द, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम १८ केबी. व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही त्यात मावणार नाही! अर्धी मेमरी सिस्टिमला, अर्धी वापरणाऱ्याला, अशा वाटणीत युनिक्स उभी राहिली. 'मल्टि' म्हणजे अनेक, 'युनि' म्हणजे एक; नावातच मल्टिक्सला चिमटा होता. एक प्रोग्राम, एक काम, हा तिचा बाणा त्या अडचणीतही घडला. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या कल्पनेतून 'पाइप' आला आणि असे छोटे प्रोग्राम एकमेकांना जोडता येऊ लागले.

पुढे मेमरी स्वस्त झाली आणि हात सैल सुटला. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम लागायची, एक्सपीला ६४ एमबी, २०२१ च्या विंडोज ११ ला ४ जीबी. सव्वीस वर्षांत हजारपट. अर्ज टाइप करायचा तो मात्र तोच. स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहिलं होतं की हार्डवेअर जितकं वेगवान होतं, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंदावतं. नुसतं बोलून ते थांबले नव्हते. १९८० च्या दशकातच त्यांनी युर्ग गुटक्नेख्ट यांच्यासोबत ओबेरॉन ही सिस्टिम, कंपायलरसकट (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामसकट), दोघांच्या आवाक्यात बसेल एवढी करून दाखवली होती.

लिनक्स ही युनिक्सच्या धर्तीवरची मोफत सिस्टिम. तिच्या घरात हाच धागा पपी लिनक्स (२००३), मुळात ५० एमबीची डॅम स्मॉल लिनक्स आणि टायनी कोअरपर्यंत येतो. टायनी कोअर खिडक्या-मेनूसह २५ एमबीच्या आत बसते. पेनड्राइव्हवरून उठते, सगळी रॅममध्ये जाते आणि हार्ड डिस्कला हातही लावत नाही. मे महिन्यात भरदुपारी लाइट गेली की या गोष्टीची किंमत कळते. लाइट आली, बटण दाबलं, पुन्हा सुरू.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट संपला आणि ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं, ते जुन्या मशीनांत बहुधा नसतं. त्यामुळे चालती मशीनं भंगारात निघताहेत, आणि मला राग येतो तो याचाच.

पण सगळं गोडच सांगणं बरं नाही. सिस्टिम ५० एमबीत भागली तरी ब्राउझर उघडला की तो एकटाच जीबीभर रॅम खातो. आधारचं अंगठ्याचं मशीन घ्या, त्याचा ड्रायव्हर (ते कॉम्प्युटरला जोडणारा प्रोग्राम) बहुधा विंडोजचाच. लग्नपत्रिका करणाऱ्यांचे जुने फॉन्टही तिथलेच. म्हणून परवाच्या सीपीयूत विंडोज तसंच ठेवलं आणि छोटी सिस्टिम पेनड्राइव्हवर दिली. गिऱ्हाइकाने ती किल्लीच्या जुडग्याला अडकवून नेली.